एमजीबी १९६६: गरम झाल्यावर आयडलिंग पंधराशेवर अडकतं

महूरोड, इंदूर

नमस्कार मंडळी. वडिलांनी महूच्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून घेतलेली एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आता माझ्याकडे आहे. १७९८ सीसी, एसयू कंपनीचे जोड कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), सगळं मूळचंच. थंड असताना चोकवर लगेच लागते, चोक आत ढकलला की आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर शांत चालते. राऊहून परत येताना त्रास सुरू होतो. पलासियाच्या सिग्नलला पाय काढला तरी काटा पंधराशेवरच. गिअर टाकून क्लच जरासा सोडला, इंजिनावर ओझं आलं की खट्कन आठशेला येते. मग क्लच दाबला तरी तिथेच राहते. पुन्हा रेस दिली की पुन्हा पंधराशे.

इथल्या एका गॅरेजवाल्याने दोन्ही कार्बोरेटरचे आयडल स्क्रू मागे घेतले. आता चढलेलं आयडलिंग जरा उतरलंय, पण ओझं आलं की गाडी बंदच पडते. केबल मोकळी आहे, दोन्ही बटरफ्लाय (हवेच्या झडपा) पूर्ण मिटतात. तो म्हणतो कार्बोरेटर बदला. मला मूळचे काढायचे नाहीत. काय पाहू?

किल्लेदार, ग्वाल्हेर

आधी पेट्रोलचे रबरी पाइप तपासा. हल्लीच्या ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. शिवाय मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), कार्बोरेटरखालचा जेटचा षटकोनी नट एखादी बाजू फिरवून खाली घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे थ्रॉटलचा (बटरफ्लायचा) दांडा झिजून तिथून हवा खेचत असेल. चालू गाडीत दांड्याच्या टोकाशी कार्ब क्लीनर थोडा मारा, आवाज बदलला तर चोर सापडला. एक्झॉस्ट तिथेच खाली तापलेला असतो, तेव्हा जपून.

विश्वामित्री, बडोदा

महूरोड, कार्बोरेटरला आता कोणालाही हात लावू देऊ नका. कळकळीने सांगतो. मी बडोद्यात अँबेसेडरची इंजिनं उघडत मोठा झालो, आणि ते १४८९ सीसीचं इंजिन तुमच्या एमजीबीच्याच बी-सिरीज घराण्यातलं. या इंजिनात आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग इग्निशन (ठिणगी), सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट क्रमाने गेलात की प्रत्येक स्क्रू दुसऱ्याचा दोष झाकतो. तुमच्याकडे आत्ता तेच झालंय.

किल्लेदार म्हणतात ते पाइप बदलाच. पण हवा खेचत असती तर क्लच दाबल्यावर आयडलिंग पुन्हा वर गेलं असतं. तुमचं खालीच राहतं. याचा अर्थ टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे (लवकर) अडकतंय. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) आतली वजनं वेगाने बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे नेतात. पाय काढला की स्प्रिंगने ती आत यायला हवीत. स्प्रिंग ढिली असेल किंवा आतलं ग्रीस सुकलं असेल तर ती बाहेरच राहतात. टायमिंग पुढे, म्हणून तेवढ्याच हवेवर इंजिन जास्त फिरतं. ओझ्याने फेरे उतरले की वजनं आत येतात, आणि गाडी शहाण्यासारखी चालते.

खात्री अशी करा. गाडी बंद, डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढा, आतला रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवा. थोडा फिरेल. सोडल्यावर टप्पकन मागे आला पाहिजे. आळसावून आला किंवा मध्येच थांबला, तर दुखणं तिथेच.

टायमिंग लाइट (टायमिंगची खूण दाखवणारा झगमगता दिवा) असेल तर डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळी काढून लाइट लावूनही पाहा. पण १९६६ची गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली) आहे, आणि सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे. लाइटला वेगळी बारा व्होल्टची बॅटरी द्या, घोळच नको. खूण पुलीच्या खालच्या बाजूला आहे, ती आधी खडूने पांढरी करा, नाहीतर दिसणार नाही.

महूरोड, इंदूर

विश्वामित्री, रोटर अर्ध्यावरच थांबतो! बोटाने ढकलल्याशिवाय मागे येत नाही. प्लेट काढली तर खाली ग्रीसचा काळा डिंक झालाय. स्प्रिंगा दोन आहेत, एक बारीक आणि एक जाड. बारीक नीट ताणलेली आहे, जाड मात्र सैल लोंबतेय. तिचं कडं पक्कडने दाबून घट्ट करू का?

विश्वामित्री, बडोदा

अजिबात नाही! जाड स्प्रिंगचं कडं मुद्दाम लांबट केलेलं असतं. सुरुवातीला बारीक एकटीच काम करते, वेग वाढला की जाड तिला येऊन मिळते. कडं दाबलंत तर मधल्या वेगाला टायमिंग मागे राहील आणि पिकअप जाईल. अँबेसेडरच्या डेल्कोतल्या (डिस्ट्रिब्यूटरमधल्या) स्प्रिंगाही घालू नका, तिचा अ‍ॅडव्हान्स (टायमिंग पुढे जाण्याचं प्रमाण) वेगळा.

सगळं रॉकेलमध्ये धुवा, वजनांच्या खुंट्यांना तेलाचा हलका हात द्या, आणि रोटरखाली जो स्क्रू दिसतो त्याच्याभोवती इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा. स्क्रू काढायची गरज नाही, तेल बाजूने आत झिरपतं. जोडताना डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटचा गॅप १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). ते झालं की टायमिंग, आणि त्यानंतरच गॅरेजवाल्याने मागे घेतलेले स्क्रू.

महूरोड, इंदूर

धुऊन, तेल देऊन जोडलं. रोटर आता टप्पकन येतो. दोन्ही स्क्रू सारखे पुढे घेतले, राऊचा फेरा मारला, पलासियाला काटा साडेआठशेवर. रेस दिली तरी लगेच खाली. थोडी थरथर उरली आहे. पुढच्या कार्बोरेटरचा पिस्टन पिनने जरासा उचलला तर फेरे वाढून वाढलेलेच राहतात, मागच्याचे क्षणभर वाढून स्थिरावतात.

विश्वामित्री, बडोदा

मग मागचा बरोबर आहे, पुढचा रिच (पेट्रोल जास्त) चाललाय. इंजिन पूर्ण गरम असताना पुढच्याच जेटचा नट एक बाजू वर घ्या, पुन्हा पिन उचलून पाहा. मागच्याला हात लावू नका.