विषय: यूकासला उत्तर जूनमध्ये, सीयूईटीचा निकाल जुलैत. काय करावं?

प्रेषक: मेधा
मंडळी, घाईत लिहितेय. आमच्या लेकीची, सईची, ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठाची ऑफर आहेच, अकाउंटिंग अँड फायनान्सची. बारावीचे मार्क त्यांच्या अटीच्या वर आलेत. आता यूकासवर, म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या पोर्टलवर, फर्म (पहिली पसंती) आणि इन्शुरन्स (राखीव पसंती) कळवायचं आहे जूनच्या पहिल्या आठवड्यात. इकडे दिल्लीच्या प्रवेशासाठी दिलेल्या सीयूईटी परीक्षेचा निकाल २०२४ ला २८ जुलैला लागला, २०२५ ला ४ जुलैला. एसआरसीसीचं (श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स) बी.कॉम. ऑनर्स मिळालं तर तिला दिल्लीच हवीय. फर्म केलं तर आपण बांधले जातो का? पक्कं माहीत असेल त्यांनी आजच सांगा, हे सोमवारी मस्कतला निघतायत.

प्रेषक: सुनील
वहिनी, बांधलं जात नाही. फर्म केलं म्हणजे पैसे भरले असं नाही, नंतर जागा सोडता येते. खरी अडचण पैशांची. स्टुडंट व्हिसासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. जुलैअखेर दिल्लीचं नाही जमलं आणि तेव्हा एफडी मोडायला घेतलीत, तर ऑगस्ट त्यातच जाईल. पैसे आत्ताच बाजूला काढा.

प्रेषक: अण्णा
सुनील, जायचं नसताना जागा धरून ठेवणं मला पटत नाही. पण मूळ मुद्दा वेगळा आहे. मुलीला सीए का करू देत नाही? पुण्यात बीएमसीसी कॉलेज, माटुंग्याला पोदार कॉलेज, दोन्हीकडे हे वातावरण पिढ्यान् पिढ्या आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोनच वर्षांची आहे. परीक्षेची केंद्रं दुबई, अबू धाबीतही आहेत. एवढी फी भरून तीन वर्षांनी हातात नुसती पदवीच येणार ना?

प्रेषक: शिक्षण समिती
सदस्यांना विनंती. प्रवेशाचे प्रश्न समितीकडे पाठवायचे असं नोव्हेंबरच्या सत्रात ठरलं होतं. तारखांचा तक्ता तेव्हाच सर्वांना पाठवला आहे. इथे प्रत्येकानं वेगळं सांगितलं की पालक गोंधळतात.

प्रेषक: शलाका
समितीचा तक्ता चांगला आहे, पण त्यात नोकरीचं काही नाही, म्हणून लिहिते. मी लंडनला बँकेत होते. मेधाताई, सईला काम कुठे करायचंय हे आधी विचारा. लंडनमध्ये म्हणत असेल तर पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच, कॉलेज नीट कळायच्या आत, स्प्रिंग वीकचे (बँकांच्या आठवडाभराच्या ओळखवर्गाचे) अर्ज भरावे लागतात. त्यातून दुसऱ्या वर्षाची समर इंटर्नशिप आणि तिथून नोकरी. ही साखळी चुकली की पुढे फार जड जातं. ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायचा व्हिसा, तोही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दीडच वर्षाचा. ती २०२९ ला बाहेर पडेल, म्हणजे तिला दीडच वर्ष. पुढे व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी हवी, आणि नव्यांसाठी पगाराची किमान रेषा जुलै २०२५ पासून वर्षाला ३३,४०० पौंड आहे. मुंबईत काम करायचं असेल तर मी डोळे मिटून एसआरसीसी म्हणेन. तिथे भरतीला येणारे लोक, तिथले सीनियर्स, सगळं भारतातल्याच नोकऱ्यांशी जोडलेलं आहे. सीएफए, ही फायनान्सची व्यावसायिक परीक्षा, दोन्हीकडून करता येतं.

प्रेषक: वैशाली
अण्णांना उत्तर. आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली हे बरोबर, पण आधी सीएची फाउंडेशन परीक्षा आणि इंटरमीजिएटचे (इंटरचे) दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात. माझा भाचा इंटरला अडकला होता, घरात कोणी बोलत नव्हतं. इथे आखातात वाढलेल्या मुलीला मुंबईत एकटीनं खोली घेऊन ऑडिटच्या सीझनमध्ये रात्री दहाला घरी यायचं, याचाही विचार करा.

प्रेषक: अण्णा
वैशाली, आमच्या दोन्ही भाच्या डोंबिवलीहून लोकलनं जाऊन सीए झाल्या. मुली करतात.

प्रेषक: मेधा
शलाका, तिला विचारलं. आधी म्हणाली मुंबई, मग म्हणाली ‘पाच वर्षांनी कुठे असेन मला काय माहीत!’ फर्म करतोय, दिल्लीचं झालं तर लगेच कळवून जागा सोडू. अण्णा, जागा एक दिवसही जास्त अडवणार नाही. सुनील, पैसे ह्यांच्या खात्यात आहेत, तिच्या नाही. चालतं?

प्रेषक: सुनील
चालतं. तिचा जन्मदाखला आणि तुमचं संमतिपत्र जोडावं लागेल. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. सोमवारच्या आत दादांची सही घेऊन ठेवा.