सोरोरिटीच्या अभ्यासिकेसाठी वर्गणी द्यावी का?

मृद्गंधा
आठवीत असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आले. पुढे इलिनॉयमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकले आणि तिथे सोरोरिटीत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या मुलींच्या संघटना. आवाराला लागून संघटनेचं घर, त्यात पन्नास-साठ मुली, एक हाउस मॉम (घरावर देखरेख करणाऱ्या बाई), एक स्वयंपाकी आणि भरपूर नियम.

आता माजी मुलींच्या समितीचं पत्र आलंय. तळघरातली अडगळीची खोली रिकामी करून अभ्यासिका करायची आहे. लांब टेबलं, प्रत्येक खुर्चीशी प्लग, ऑनलाइन मुलाखतींसाठी दोन काचेच्या खोल्या. मोठी रक्कम दिली तर भिंतीवर नावाची पितळी पाटी. नवरा म्हणतो, श्रीमंतांच्या पोरींच्या टेबलांसाठी आपण कशाला पैसे मोजायचे? मी म्हणते, द्यायचे.

का ते सांगते. आमच्या भागातल्या जुन्या घरांमध्ये झोपायची सोय वरच्या मजल्यावर, एका लांबलचक खोलीत असते. तिला कोल्ड डॉर्म म्हणतात. बंक बेडच्या रांगा, जानेवारीतसुद्धा खिडक्या किलकिल्या, दिवसाढवळ्या अंधार. कोणी ना कोणी झोपलेलं असतंच, त्यामुळे तिथे बोलायचं नाही. खाली चौघींत एक खोली, त्यात चार टेबलं, चार कपाटं आणि चौघींची तोंडं. परीक्षेच्या आठवड्यात मी जेवणघरात पुस्तकं मांडायचे, तर साडेचारलाच स्वयंपाकी येऊन 'हनी, उचल आता' म्हणायचा. घरात झुंबर होतं, पियानो होता, शांतपणे बसून ऑरगॅनिक केमिस्ट्री करायला कोपरा नव्हता.

आणखी एक. ही घरं पार्ट्यांसाठी बांधली गेली नव्हती. १८८६ साली सिरॅक्यूजला अल्फा फायने स्वतःचं घर बांधलं, सोरोरिटीने बांधलेलं ते पहिलं. मुलींना कॉलेजात प्रवेश मिळून फार वर्षं झाली नव्हती, राहायची पंचाईत होती. बायकांनी बायकांसाठी पैसे उभे करायचे ही तिथली जुनी रीत आहे. तुमचं काय मत?

कडूकारलं
नवऱ्याचं ऐका.

मी एका अमेरिकन विद्यापीठाच्या लायब्ररीत नोकरी करते. परीक्षेच्या दिवसांत आमची इमारत रात्रभर उघडी असते. टेबलं आहेत, प्लग आहेत, काचेच्या खोल्या आहेत, आणि आत यायला कुठलं ग्रीक अक्षर छातीवर लावावं लागत नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर हे सगळं असताना साठ जणींसाठी वेगळी खोली कशाला? वेगळेपणासाठीच ना?

तुमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायली असतील की. अनेक ग्रीक घरांत असतात. कुठल्या प्राध्यापकाने कुठल्या वर्षी काय विचारलं, सगळं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. त्या फायली त्याच अभ्यासिकेत ठेवणार. पहिल्या पिढीची, अर्धवेळ नोकरी करून शिकणारी मुलगी माझ्या काउंटरवर येते तेव्हा तिच्याकडे असली फाइल नसते. तिच्यासाठी पितळी पाटीवाली खोली कोण बांधतंय?

हिशेबनीस
दोघीही मूळ मुद्द्याच्या आजूबाजूला फिरताय. सगळीकडे अभ्यासिकाच का निघतात, याचा विचार केलाय? पियानो दुरुस्तीचं पत्र का येत नाही?

कर. मी इथे करसल्लागार आहे, म्हणून थोडं विस्ताराने. घर सहसा हाउस कॉर्पोरेशन नावाच्या वेगळ्या संस्थेच्या मालकीचं असतं आणि कायद्याच्या नजरेत तो क्लब, करकायद्याचं कलम ५०१ (सी) (७). त्याला दिलेल्या पैशावर देणगीदाराला करसवलत नाही. संघटनेचं फाउंडेशन मात्र ५०१ (सी) (३), धर्मादाय. तिथे दिलं तर सवलत. पण फाउंडेशनने तो पैसा घरावर खर्च करायचा तर शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या भागापुरताच: अभ्यासिका, ग्रंथसंग्रह, संगणक, त्यांचं वायरिंग. तेही विद्यापीठ आपल्या वसतिगृहात देतं साधारण तेवढंच. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, छप्पर यांना नाही.

आता गंमत बघा. जुन्या लाकडी घरांत खरी गरज कशाची? आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरची. कोल्ड डॉर्ममध्ये माळ्यावर साठ मुली झोपतात म्हणताय, तिथे तर पहिल्यांदा. पण त्यासाठी सवलतीचा पैसा वापरणं अवघड, आणि टेबलासाठी सोपं. ही अट सैल व्हावी म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयक अनेकदा मांडलं गेलंय, आणि पुरस्कर्त्यांचा मोठा युक्तिवाद आगीपासून सुरक्षिततेचाच आहे. म्हणजे तुमच्या समितीला कदाचित अभ्यासिका सुचलीच नसेल, करकायद्याने सुचवली असेल.

मृद्गंधा
@हिशेबनीस, हे नव्हतं माहीत. पत्रात एका ओळीत 'शैक्षणिक जागेसाठीची देणगी करसवलतीस पात्र' असं लिहिलंय खरं. पण कायद्याने सुचवली म्हणून खोली वाईट ठरते का? मुली बसतील त्या खऱ्याच.

@कडूकारलं, रात्री दीड वाजता फेब्रुवारीत त्या दहा मिनिटांच्या रस्त्याने एकटीने चालत या, मग बोलू. फायलींबद्दल काही बचाव नाही. होत्या. बहुतेक उत्तरं चुकीची होती, तो भाग वेगळा.

आणि परक्या मुलींच्या शिक्षणासाठी अमेरिकन बायकांनी वर्गणी काढली नसती तर आपल्याकडे काय झालं असतं? १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं, दहा वर्षं खर्च चालवायचं कबूल केलं. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं ते त्या पैशावर. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या त्या. अमेरिकेतल्या गावोगावच्या रमाबाई सर्कलमधून, म्हणजे मदत मंडळांतून, थोडे थोडे डॉलर जमायचे.

नळस्टॉप
अहो मृद्गंधाताई, हा दाखला तुमच्या विरुद्ध जातो! बॉस्टनच्या बायकांनी पैसे सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या विधवांसाठी दिले. स्वतःच्या क्लबाच्या तळघरात काचेच्या खोल्या नव्हत्या बांधल्या. तुमची देणगी म्हणजे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी आहे: आपणच द्यायची, मोदकही आपणच खायचे. देऊ नये असं नाही, पण त्याला रमाबाईंच्या रांगेत बसवू नका.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहतो. गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत, एमपीएससी करणाऱ्या मुली महिन्याचे पैसे भरून हातभर टेबल घेतात. दोन्ही बाजूंना प्लायवूडची फळी, वर पंखा, खुर्चीला घरून आणलेली उशी. भाकरी डब्यात. गावाकडून आलेल्या या पोरींच्या कॉलेजांच्या माजी विद्यार्थिनी कुठे आहेत? कोणी पत्रच पाठवत नाही. मला राग तुमच्या टेबलांचा नाही, आमच्याकडे मागायचीसुद्धा यंत्रणा नाही त्याचा आहे.

अबोली_टेक्सास
मी देशी सोरोरिटीतली. १९९८ साली ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा निघाल्या, त्या परंपरेतली. आम्हाला घर नाही. कृष्णवर्णीय मुलींच्या जुन्या सोरोरिटींनाही बहुतेक आवारांत घर नाही, आणि अल्फा कप्पा अल्फा तर १९०८ पासूनची आहे. घर असेल तर त्यात अभ्यासिका, अभ्यासिका असेल तर सवलत. ज्यांच्याकडे भिंतच नाही त्यांनी पाटी कुठे लावायची?

आम्ही 'स्टडी आवर्स' लायब्ररीतली ग्रुप रूम आरक्षित करून भरायचो. दोन तास झाले की पुढचा गट दारात उभा. तरी मी मृद्गंधाच्या बाजूने आहे, अर्धी. कारण चॅप्टरमध्ये, म्हणजे संघटनेच्या विद्यापीठातल्या शाखेत, राहायचं तर सरासरी गुण टिकवावे लागतात, आणि संघटनेतल्या मोठ्या 'बहिणी' शेजारी बसून शिकवतात. एकटीने लायब्ररीत बसणं आणि हे, दोन्ही सारखं नाही. माझं कॅल्क्युलस असंच सुटलं.

कडूकारलं
रात्रीच्या रस्त्याचा मुद्दा मान्य, पण मग विद्यापीठाकडे रात्रीची बस मागा. ती सगळ्या मुलींना उपयोगी पडेल. तुम्ही साठ जणींना रस्त्यावरून आत घेताय आणि बाकीच्या हजारोंना तिथेच ठेवताय.

मृद्गंधा
बस मागायला माजी विद्यार्थिनींना कोण विचारतं? घर मात्र आमचं आहे, तिथे आमचं ऐकतात. मी पैसे देणार आहे. फक्त समितीला दोन गोष्टी विचारल्यात: स्प्रिंकलरचं काय, आणि घरात न राहणाऱ्या सदस्य मुलींना ही खोली रात्री उघडी असेल का? त्याही दर सत्राला पार्लर फी, म्हणजे घर वापरण्याची फी, भरतात. आमच्या वेळी अशा मुलींना नऊ वाजता बाहेर काढायचे. पाटी नको म्हणून कळवलंय. नवरा अजून घुश्शात आहे.

नळस्टॉप
पाटीच्या वाचलेल्या पैशात सदाशिव पेठेत एकीचं वर्षभराचं टेबल सहज निघेल. नुसतं सांगून ठेवतो.

हिशेबनीस
स्प्रिंकलरसाठी वेगळे पैसे द्यायचे झाले तर बिनसवलतीचे, थेट हाउस कॉर्पोरेशनला द्या. आणि अभ्यासिकेचा चेक लिहिण्याआधी नाव तपासा. पत्र समितीचं असलं तरी चेक फाउंडेशनच्या नावे हवा. दर वर्षी मार्चमध्ये दोन-तीन जणी माझ्याकडे चुकीच्या नावाची पावती घेऊन येतात.