म्हार्दोळ–पणजी रोजचं, महिन्याला बेळगाव: हायब्रिड, प्लग-इन की इलेक्ट्रिक?

म्हार्दोळवासी

नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल हॅचबॅक काढून छोटी क्रॉसओव्हर घ्यायची आहे. रोज म्हार्दोळ–पणजी, येऊन-जाऊन पन्नास-पंचावन्न किमी. महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, वर्षातून दोनेक वेळा पुणे. वर्षाचं रनिंग 18,000 किमीच्या आसपास. घर स्वतःचं, चिऱ्याचं आणि जुनं आहे, गाडी अंगणातल्या शेडमध्ये असते. मीटर सिंगल फेज.

डोक्यात तीन पर्याय आहेत: ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरसारखी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनसोबत चालता-चालता स्वतःच भरणारी छोटी बॅटरी), नेक्सॉन किंवा क्रेटाची इलेक्ट्रिक, नाहीतर प्लग-इन हायब्रिडसाठी (पेट्रोल इंजिन आणि प्लगवर भरायची मोठी बॅटरी) थांबणं. परदेशातला भाऊ म्हणतो की प्लग-इनमध्ये दोन्हीचा फायदा मिळतो. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. वायरिंगचं आधी काय बघायचं तेही लिहा.

घाटवाट

प्लग-इनचा विषय आधी संपवतो. या आकाराची आणि या किमतीची प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे घेण्यासारखी नाही. जे मॉडेल आहेत ते महागड्या वर्गातले. परदेशात किया नीरोसारखी एकच गाडी तिन्ही रूपांत मिळत आली आहे. त्यातल्या प्लग-इनची बॅटरी 11.1 किलोवॉट-तासांची (एक किलोवॉट-तास म्हणजे विजेचं एक युनिट), म्हणजे पन्नासेक किमी विजेवर आणि पुढे पेट्रोल. कागदावर तुमचं रोजचं अंतर त्यात बरोबर बसतं, म्हणून भावाचं म्हणणं पटतं. पण ही गाडी रोज रात्री न चुकता प्लगला लावली तरच तिचा उपयोग. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये गाड्यांतल्याच मीटरवरचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. मुख्य कारण हेच की लोक चार्जिंग टाळतात. आणि रोज रात्री प्लग लावायची सोय आणि सवय दोन्ही असेल, तर सरळ इलेक्ट्रिकच का घेऊ नये? प्लग-इनमध्ये इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, कूलंट हे सगळं करायचंच, वर मोठी बॅटरी सांभाळायची. महिनोन्‌महिने विजेवर चालवली तर टाकीतलं पेट्रोल जुनं होतं, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल आपल्या दमट हवेत फार दिवस पडून राहणं बरं नाही. थांबू नका.

आता हायब्रिड. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर आतून एकच: दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, इलेक्ट्रिक मोटर आणि जेमतेम 0.76 किलोवॉट-तासांची बॅटरी. कंपनीचा आकडा लिटरला 27.97 किमी. रोजच्या वापरात 20 ते 22 धरा. बाणस्तारी पूल, जुने गोवे, मेरशी सर्कल अशा थांबत-थांबत चालणाऱ्या रस्त्यावर ती चांगली देते, कारण हळू चालताना इंजिन बंदच असतं. पुण्याच्या हायवेवर एकसारखा वेग धरला की हा फायदा बराच आटतो.

घाटात हिची मर्यादा दिसते. चोर्ल्याहून केरीला उतरताना गाडी सहा-सातशे मीटर खाली येते. एवढ्या लहान बॅटरीचा वापरता येणारा भाग पहिल्या दीडशे मीटर उतारातच भरतो. त्यानंतर मोटर ब्रेक लावेनाशी होते आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर लिव्हर ‘बी’वर घ्यायचा, म्हणजे इंजिन ब्रेकसारखं काम करतं. इंजिनचा आवाज अचानक वाढतो, तो बिघाड नव्हे. ‘डी’मध्येच ब्रेक दाबत उतरलात तर केरीपर्यंत पॅड जळल्याचा वास येईल.

आणखी दोन गोष्टी. बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी 373 लिटरवरून 265 वर येते. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणि बॅगा एकाच फेरीत आणणार असाल तर शोरूममध्ये डिकी उघडून बघा. दुसरं, बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा गाडीच्या आतूनच येते. मागच्या सीटजवळच्या त्या जाळीवर पिशवी, टॉवेल ठेवू नका, आणि प्रत्येक सर्व्हिसला तिचा फिल्टर काढून साफ करायला सांगा. किनाऱ्याची रेती आणि कुत्र्याचे केस तिथेच अडकतात. हवा कोंडली की बॅटरी तापते आणि गाडी तिचा वापर आपोआप कमी करते. ‘मायलेज एकदम पडलं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही जाळी आधी बघावी.

आकडेमोड

हिशेब मांडतो. 18,000 किमी, हायब्रिडचं सरासरी 21, पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं तर वर्षाचे 85-86 हजार.

इलेक्ट्रिकला चार्जिंगमधला व्यय धरून 100 किमीला 17 युनिट. वर्षाचे 3,060 युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशेच्या वर. इथे बरेच जण चुकतात. घरगुती बिल स्लॅबवर असतं, त्यामुळे हे अडीचशे युनिट तुमच्या आजच्या वापराच्या वर जाऊन बसतात आणि त्यांना वरच्या स्लॅबचा दर लागतो. बिलावरचा सरासरी दर घेऊन हिशेब करू नका. युनिटला 6 रुपये धरले तरी वर्षाचे 18-19 हजार होतात. पण हीच गाडी फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरली, युनिटला 20 ते 25 रुपयांनी, तर 61 ते 76 हजार. म्हणजे खरी बचत घरच्या प्लगमध्ये आहे. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये ठरलेलं पार्किंग नसलेल्या माणसाला मी आजही हायब्रिडच घ्या म्हणेन. तुमच्याकडे शेड आणि स्वतःचं मीटर आहे, त्यामुळे तुमचं उत्तर वेगळं.

करही बघा. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्केच आहे. चार मीटरपेक्षा लांब किंवा 1200 सीसीपेक्षा मोठ्या पेट्रोल इंजिनच्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40, मग ती हायब्रिड असली तरी. प्राप्तिकराच्या 80ईईबी कलमाखालची, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची सूट मात्र हिशेबात धरू नका, ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. रोड टॅक्सची सवलत डीलरच्या तोंडी आश्वासनावर न ठेवता कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि आरटीओत पडताळा.

बेळगाव: एका बाजूला शंभर-सव्वाशे किमी. सपाटीचे 16-17 युनिट. चार माणसं धरून दोन टनांची गाडी साडेसातशे मीटर वर न्यायला आणखी साडेचार. म्हणजे जाताना 21. येताना उतारावर दोन-अडीच परत मिळतात, म्हणजे साधारण 14. एकूण 35. 45 किलोवॉट-तासांची नेक्सॉन घरून पूर्ण भरून निघाली तर न भरता परत येते, पण वीसेक टक्केच उरतात. बेळगावात जेवणाच्या वेळेत अर्धा तास लावून घ्या. 30 वाली या कामाला घेऊ नका. क्रेटाची 51.4 वाली निवांत करते. आणि बेळगावात शंभर टक्के भरली तरी चिंता नको: घाटमाथ्यापर्यंत चाळीसेक किमी जायचंच असतं, तेवढ्यात बॅटरीत उताराची वीज मावण्याएवढी जागा होते.

पुण्याला दोन थांबे धरा. ॲपवर चार्जर दिसला म्हणजे तो चालू आहे असं नाही. शेवटचा कोणी कधी वापरला ते बघायचं आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचेल एवढी बॅटरी ठेवूनच थांबायचं. 30 किलोवॉटच्या चार्जरवर 10 ते 80 टक्क्यांना तास उलटतो.

वायरमन_तिसवाडी

वायरिंगचं मी सांगतो. गाडी बुक करायच्या आधी हे करा, नंतर नको.

डीलर 7.2 किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) गळ्यात घालेल. तुम्हाला तो लागत नाही. पंचावन्न किमीला 9-10 युनिट, 16 अँपिअरच्या प्लगवर साधारण तीन-साडेतीन तास. बेळगावच्या आदल्या रात्री लवकर लावा, झालं. 7.2 चा बॉक्स एकटाच 32 अँपिअर खेचतो. त्यासोबत गिझर आणि एसी लागला तर जुन्या सिंगल फेज मीटरचा मंजूर लोड ओलांडतो, मग वीज खात्यात लोड वाढवायचा अर्ज आला. पुढे हवाच असेल तर 25 मीटरपर्यंत 6 स्क्वेअर एमएम तांबं, 40 मीटरला 10. अंगणाच्या टोकाला शेड असेल तर हे अंतर टेपने मोजा.

16 अँपिअरसाठी: मेन बोर्डावरून स्वतंत्र लाइन, 4 स्क्वेअर एमएम तांब्याची, मध्ये जोड नको. 20 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंटला तुटणारा स्विच), 30 मिलीअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की तुटणारा स्विच), आणि मेटलक्लॅड इंडस्ट्रियल सॉकेट, जमिनीपासून चार फुटांवर, पावसाची झड लागणार नाही अशा भिंतीला. गिझरच्या लाइनवर किंवा शेडमधल्या जुन्या पॉवर प्लगवर लावू नका. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी सलग कित्येक तास पूर्ण करंट घेते. सॉकेटची पत्ती जरा सैल असेल तर तिथेच उष्णता साठते, आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद करा.

आता अर्थिंग. आपल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत हे सगळ्यात जास्त रडवतं. पावसात सगळं ठीक असतं, एप्रिल-मे मध्ये जमीन सुकली की अर्थचा रोध चढतो आणि चार्जर लाल दिवा लावून बसतो. लोक चार्जरला दोष देतात. जुन्या घरांत अर्थ म्हणजे पाण्याच्या पाइपला गुंडाळलेली तार असते, आणि पाइप कधीच पीव्हीसीचा झालेला असतो. नवा खड्डा घ्या: तीन मीटरचा कॉपर-बाँडेड रॉड, भोवती अर्थिंग कंपाउंड, वर झाकणाची चौकट म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालता येतं. अर्थ मेगरने (अर्थचा रोध मोजायचं यंत्र) मोजून रोध 5 ओमच्या खाली आला पाहिजे, आणि ही मोजणी मे महिन्यात करा. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये 2-3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी ढिला आहे, आधी मीटरजवळ बघा.

बोर्डात सर्ज प्रोटेक्शनही घाला. पावसाच्या तोंडावर विजा चमकतात तेव्हा गाडीतला ऑनबोर्ड चार्जर उडाला तर तो वॉरंटीत बसेलच असं नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज 200 च्या खाली येत असेल तर चार्जिंगचं टायमर रात्री अकराला लावा. आणि ही लाइन घरच्या इन्व्हर्टरवर घेऊ नका.

म्हार्दोळवासी

एवढं सविस्तर कोणी शोरूममध्ये सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. इलेक्ट्रिककडेच कल झालाय. पावसात उघड्यावर चार्जिंग आणि गंज, याबद्दल काही?

घाटवाट

चार्जिंगची गन आणि तोंड भिजण्यासाठीच बनवलेले असतात. जपायचं ते घराच्या बाजूचा प्लग आणि केबलवरचा डबा. तो जमिनीवर साचलेल्या पाण्यात पडू देऊ नका, भिंतीला खुंटी ठोकून टांगा.

गंजाची खरी जागा ब्रेक. इलेक्ट्रिकमध्ये मोटरच गाडी थांबवते, पॅड क्वचित लागतात. पावसात आणि खाऱ्या हवेत डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजन (मोटरने ब्रेक लावून वीज परत मिळवणं) सगळ्यात कमी करून चार-पाच वेळा जोरात ब्रेक दाबा. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, चारही चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावून घ्या. सर्व्हिसच्या यादीत हे बहुधा नसतं, जॉबकार्डवर लिहून द्यावं लागतं.

आकडेमोड

एक राहिलं. नेक्सॉनची बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे. तिला आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरू द्या, नाहीतर उरलेले किमी दाखवणारा आकडा हळूहळू चुकायला लागतो आणि 12-15 टक्क्यांवरून एकदम खाली येतो. बेळगावच्या वाटेवर, जांबोटीच्या जंगलात, तो चुकलेला परवडत नाही. क्रेटा घेतलीत तर तिची बॅटरी वेगळ्या प्रकारची, रोज 80 टक्क्यांवर थांबवा आणि लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा.