स्टुडंट व्हिसा नाकारला गेला, पुढे काय केलंत? (अनुभव धागा)

माझ्या भाच्याचा कॅनडाचा स्टडी परमिट गेल्या मंगळवारी नाकारला गेला. मेल रात्री साडेअकराला आली. त्याने दोन ओळी वाचल्या, लॅपटॉप मिटला आणि कुणाशी न बोलता आडवा झाला. सकाळी ताईचा फोन आला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं.

हॉलमध्ये दोन बॅगा भरून उभ्या आहेत. तेवीस-तेवीस किलो, वजनकाट्यावर चार वेळा मोजलेल्या. एकीत तीन लिटरचा कुकर आहे आणि जागा वाया जाऊ नये म्हणून ताईने त्याच्या पोटात मेतकुटाच्या आणि भाजणीच्या पिशव्या बसवल्या आहेत. फी भरल्याच्या दिवशीच आजीने सोसायटीत पेढे दिले होते. आता जिन्यात जो भेटेल तो "काय, कधी निघतोस?" असं विचारतो, म्हणून पोरगं खाली उतरतच नाही.

पत्रात लिहिलंय की शिक्षण संपल्यावर तो देश सोडून परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. घरातल्या सगळ्यांनी याचा अर्थ "आपला मुलगा लबाड ठरला" असा लावला आहे. मला तसं वाटत नाही, पण समजवायला माझ्याकडे माहितीही नाही.

ज्यांनी हे सोसलं आहे त्यांनी कृपया लिहा. देश कुठला, साल कुठलं, कागदावर काय होतं आणि तुम्ही नेमकं काय केलंत. शेवटी गेला नसाल तर तेही लिहा. एजंटांची नावं मात्र नकोत.

*

निफाडचा, आता ओंटारिओत

मावशी, आधी भाच्याला सांगा, ते पत्र शेवटच्या पानापर्यंत उघड. २९ जुलै २०२५ पासून कॅनडाने काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याची टिपणंही द्यायला सुरुवात केली आहे. "खात्री पटली नाही" हे वाक्य छापील असतं, जवळपास प्रत्येकाला तेच येतं. खरं कारण टिपणात असतं.

माझ्या वेळी, २०२३ साली, ही सोय नव्हती. आमची द्राक्षबाग. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे वडिलांचं रिटर्न नाही. इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला साडेपाच आल्यामुळे तेव्हाच्या जलद योजनेत मी बसत नव्हतो (ती योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंदच झाली). मग बॅलन्स दाखवायचा म्हणून दोन्ही काकांकडून पैसे गोळा करून जूनमध्ये चौदा लाख एकदम वडिलांच्या खात्यावर टाकले आणि पंधरा दिवसांत अर्ज केला. ऑगस्टमध्ये नकार.

ब्रॅम्प्टनमधल्या मावसभावाने माझ्या लेखी संमतीने माहितीचा अर्ज टाकून माझ्या फाइलची टिपणं मागवली. फी पाच डॉलर. हा अर्ज तिथला नागरिक, कायम रहिवासी किंवा त्या देशात असलेली व्यक्तीच करू शकते, म्हणून त्याला सांगावं लागलं. सप्टेंबरअखेर टिपणं आली. मोजून सहा ओळी. पहिला मुद्दा, खात्यात अलीकडे मोठी रक्कम एकदम जमा, स्रोत स्पष्ट नाही. दुसरा मुद्दा, मेकॅनिकलची पदवी आणि चार वर्षं नोकरी असताना हा एक वर्षाचा डिप्लोमा कशासाठी, हे कळत नाही.

त्या सहा ओळी मी वडिलांना मराठीत करून वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबरच लिहिलंय की त्याने. अनोळखी माणसाच्या खात्यात असे पैसे दिसले तर मी तरी काय म्हटलो असतो?" त्या दिवशी माझ्या डोक्यावरचा दगड उतरला. नकार मला नव्हता, त्या कागदांना होता.

मग कामाला लागलो. काकांचे पैसे परत केले. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मंजूर करून घेतलं. तीन हंगामांच्या द्राक्षविक्रीच्या पट्ट्या (हिशेबाच्या पावत्या) आईने गोदरेजच्या कपाटात दोऱ्याने बांधून ठेवल्या होत्या. त्यातली प्रत्येक पट्टी आणि तिचे पैसे बँकेत जमा झाल्याची तारीख असा तक्ता केला. सातबारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजीत भाषांतर करून, प्रतिज्ञापत्र जोडून लावला. कोर्स बदलला नाही, पण तो का, हे स्वतः लिहिलं. कंपनीत मला स्टोअरचं काम दिलं होतं, तिथे माल वेळेवर न पोचल्याने काय होतं ते रोज पाहत होतो, म्हणून पुरवठा साखळीचा कोर्स. पहिल्यांदा एजंटने लिहून दिलेल्या दोन पानांत यातलं एक अक्षर नव्हतं. ऑक्टोबरमध्ये दुसरा अर्ज, डिसेंबरमध्ये होकार, जानेवारी २०२४ ला वर्गात.

आकडे आता फार वाढलेत. राहण्याच्या खर्चासाठी माझ्या वेळी १०,००० डॉलर दाखवावे लागत, १ सप्टेंबर २०२५ पासून ते २२,८९५ झालेत, फी वेगळी. कोर्टात जाण्याचा मार्गही आहे, भारतातून केलेल्या अर्जाला ६० दिवसांची मुदत असते. पण कोर्ट व्हिसा देत नाही, फार तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवतं. आपल्याच कागदांत त्रुटी असेल तर नवा अर्ज बरा, असं माझं मत.

*

कोल्हापूरची, अमेरिका

जुलै २०२४, मुंबईत मुलाखत. पहाटेपासून पोटात गोळा. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, हेच विद्यापीठ का? मी पाठ केलेलं म्हणायला लागले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला आणि विचारलं, खर्च कोण करणार? मी म्हटलं, माझे वडील. ते काय करतात? शिक्षक आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बस्स. त्यांनी दोन मिनिटं टाइप केलं आणि पासपोर्टसोबत एक कागद सरकवला. पासपोर्ट हातात परत आला की समजायचं.

कागदावर कलम २१४(ब). हे तिथल्या १९५२ च्या कायद्यातलं कलम आहे. तुम्ही कायमचे राहायला येताय असंच गृहीत धरलेलं असतं आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं असतं. यावर अपील नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण १८५ डॉलर फी पुन्हा भरायची. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या नोंदणीचे, ३५० डॉलर मात्र बारा महिन्यांत त्याच प्रकारचा अर्ज केला तर परत भरावे लागत नाहीत.

कोल्हापूरला परतताना बसमध्ये मी फक्त एकच गोष्ट केली. विचारलेले तीन प्रश्न आणि माझी उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवली. दोन दिवसांनी वाचली तेव्हा दिसलं, वडिलांचा पगार आणि माझी फी यांचा मेळच लागत नव्हता. बत्तीस लाखांचं कर्ज मंजूर होतं, आईच्या नावावरच्या ठेवी होत्या, सगळी फाइल मांडीवर होती, पण फाइल कुणी मागत नाही. ते तोंडाने, एका वाक्यात सांगायला हवं होतं.

प्रवेश जानेवारीवर ढकलून घेतला, नोव्हेंबरमध्ये दुसरी मुलाखत. फॉर्ममध्ये "आधी व्हिसा नाकारला होता का" याला सरळ हो लिहिलं. ते लपवू नका, त्यांच्याकडे नोंद असतेच आणि खोटं सापडलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद होऊ शकतात. यावेळी खर्चाचा प्रश्न आल्यावर कर्ज किती, ठेवी किती, पहिल्या वर्षाचा खर्च किती हे तीन आकडे सांगितले. पासपोर्ट त्यांच्याकडेच राहिला.

*

सोलापूरहून, एक वडील

आमचा अनुभव वाईट आहे, पण लिहितो. मुलीचा ऑस्ट्रेलियाचा अर्ज २०२२ मध्ये नाकारला. एजंटने आमच्या फाइलमध्ये एका बँकेचं स्टेटमेंट जोडलं होतं, त्या बँकेत आमचं खातंच नाही. आम्ही भरलेला फॉर्म आणि जोडलेले कागद जाण्यापूर्वी पाहिले नाहीत. "काका, तुम्ही निर्धास्त राहा" म्हणाला, आम्ही राहिलो.

तिकडच्या नियमांत खोटा कागद निघाला तर तीन वर्षं व्हिसा मिळत नाही. तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, याने सहसा फरक पडत नाही. मुलगी दोन महिने माझ्याशी बोलली नाही आणि तिचं काही चुकलं नाही. आता ती हैदराबादला नोकरी करते, चांगलं चाललं आहे. पण पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि अपलोड झालेला एकूण एक कागद उघडून बघा, एवढं हात जोडून सांगतो.

*

डोंबिवली ते लीड्स

ब्रिटन, २०२३. तिथे नियम आकड्यांचा आहे. लंडनबाहेर राहायचं तर तेव्हा महिन्याला १,०२३ पौंड, नऊ महिन्यांचे ९,२०७, अधिक उरलेली फी. एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. (आता तो दर बराच वाढला आहे, अर्जाच्या दिवशीचा बघा.)

एकोणिसाव्या दिवशी आत्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. बाबांनी डिपॉझिटसाठी ऐंशी हजार काढले आणि चार दिवसांनी परत भरले. त्या चार दिवसांत आम्ही तेवीस हजारांनी कमी पडत होतो. नकारपत्रात त्या तारखा आणि ती रक्कम स्पष्ट लिहिलेली होती. बाबा स्वतःला इतकं दोष द्यायला लागले की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. आत्यासाठी पैसे काढायचे नाहीत तर कशासाठी काढायचे?

पुनर्विचाराचा अर्ज २८ दिवसांत करता येतो, पण तो अधिकाऱ्याची चूक असेल तरच उपयोगाचा. आमची चूक होती, म्हणून नवा अर्ज. विद्यापीठाकडून प्रवेशाचा नवा सीएएस क्रमांक घ्यावा लागला, कारण एक क्रमांक एकाच अर्जाला चालतो. व्हिसाची फी बुडाली, आरोग्य अधिभार परत आला. पैसे आईबाबांच्या खात्यात असतील तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही जोडला. दुसऱ्या वेळी मात्र वेगळं खातं उघडून त्याचं कार्डच कपाटात ठेवून दिलं.

*

जर्मनीबद्दल थोडं

भावाला २०२३ मध्ये नकार आला होता, महिन्याच्या आत लेखी हरकत घेतल्यावर निर्णय बदलला. ती हरकतीची सोय १ जुलै २०२५ पासून काढून टाकली आहे. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा. जुने सल्ले वाचून फसू नका.

*

पुण्यातूनच

मी गेलो नाही. २०२५ मध्ये अमेरिकेचा नकार आला, सत्र सुरू होण्याआधी दुसरी तारीख मिळाली नाही. वर्षभर थांबायची तयारी नव्हती, इथेच एमटेकला बसलो. पहिले तीन महिने तिकडे गेलेल्या मित्रांचे फोटो पाहवत नव्हते, हे खरं सांगतो. मला सर्वात जास्त मदत झाली ती काकूची. तिने "पुढे काय?" असं एकदाही विचारलं नाही, रोज संध्याकाळी फिरायला मात्र घेऊन जायची. मावशी, भाच्याला तेवढं करा.

*

धागा काढणारी मावशी

तुम्हा सगळ्यांचं काल रात्री ताईकडे बसून मोठ्याने वाचलं. सोलापूरच्या काकांचं वाचताना ताईचे यजमान उठून गेले आणि एजंटकडून पोर्टलचा पासवर्ड मागून घेतला.

निफाडकर, तुमचं खरं निघालं. पत्राच्या शेवटच्या पानावर टिपण आहे, आम्ही कुणी तिथवर गेलोच नव्हतो. मार्चमध्ये खात्यावर आलेल्या अकरा लाखांचा खुलासा नाही, असं लिहिलंय. ते आमच्या आईच्या गावच्या जमिनीच्या विक्रीचे. खरेदीखत घरातच आहे, कुणी मागितलं नाही म्हणून कुणी जोडलं नाही.

भाचा तेव्हापासून टेबलावर कागद मांडून बसला आहे. कुकर बॅगेतून काढला, त्यातली भाजणी खराब होईल म्हणून आज त्याच भाजणीची थालीपिठं झाली. त्याचा तुम्हाला एक प्रश्न आहे. खरेदीखत मराठीत आहे, सोळा पानांचं. भाषांतर पूर्ण खताचं करून लावलंत का, की तेवढ्याच पानांचं?