रन बेट आणि मॅनहॅटन: ‘मूर्ख सौदा’ म्हणणं आता पुरे

तांडेल
‘डचांनी जायफळाच्या टीचभर बेटापायी न्यूयॉर्क देऊन टाकलं, इतिहासातला सर्वांत मूर्ख सौदा’ ही पोस्ट पुन्हा फिरते आहे. चीड येते, कारण असा सौदा झालाच नव्हता. ३१ जुलै १६६७ चा इंग्रज आणि डच यांच्यातला ब्रेडाचा तह ‘ज्याच्या ताब्यात जे, ते त्याचं’ या तत्त्वावर झाला. न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे मॅनहॅटनवरचं आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांनी १६६४ मध्येच घेतलं होतं. दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम डचांनी फेब्रुवारी १६६७ मध्ये जिंकलं. जायफळाचं ते बेट म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी रन, तिथे डच बसलेलेच होते. शिवाय रन व्हीओसीचं (डच ईस्ट इंडिया कंपनी) आणि मॅनहॅटन डब्ल्यूआयसीचं (डच वेस्ट इंडिया कंपनी). दोन कंपन्या, दोन तिजोऱ्या.

काळी मिरी
कंपन्या दोन असतील, तह मात्र डच सरकारने केला. त्याच वर्षी जूनमध्ये डच आरमाराने इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजं जाळली, ‘रॉयल चार्ल्स’ हे त्यांचं मोठं जहाज ओढून नेलं. एवढा वरचष्मा असताना मॅनहॅटन परत मागितलं नाही, हा निर्णयच होता. पुढे १६७३ मध्ये ते जिंकून परत घेतलं आणि १६७४ च्या वेस्टमिन्स्टर तहात पुन्हा सोडलं. दोनदा केलेली चूक झाकू नका.

तांडेल
१६७४ चा मुद्दा अर्धा मान्य. पण १६७२ मध्ये फ्रेंच फौजा थेट हॉलंडमध्ये घुसल्या होत्या. इंग्लंडला युद्धातून बाहेर काढणं ही तेव्हाची निकड होती. डब्ल्यूआयसी तर १६७४ मध्येच मोडीत निघाली. मॅनहॅटनहून येत होती मुख्यतः बीव्हरची कातडी, सुरिनाममध्ये उसाचे मळे उभे होते. १६६७ च्या माणसाला आजचे जागेचे भाव विचारायचे, हा कुठला न्याय?

जायपत्री
दोघंही बांदाच्या माणसांबद्दल गप्प आहात. १६२१ मध्ये व्हीओसीचा गव्हर्नर-जनरल कून याने ही बेटं जिंकली तेव्हा अंदाजे १५,००० लोकांतले हजारभर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, पळाले किंवा गुलाम झाले. ४४ ओरांग काया, म्हणजे गावप्रमुख, जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापले. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडून गुलामांकरवी बागा चालवल्या. रनवरची झाडं डचांनी स्वतःच तोडली होती, म्हणजे ते बेट उत्पन्नासाठी नकोच होतं, इंग्रजांचा पाय टेकू नये एवढंच. मिरी मलबारपासून सुमात्रापर्यंत पिकते, ती कुणाला कोंडता आली नाही. जायफळ बांदाच्या मूठभर बेटांपुरतं होतं म्हणून कोंडता आलं. वर प्रत्येक जायफळ चुन्यात बुडवून पाठवत, बी उगवू नये म्हणून.

रोपवाटिका
चुन्याची ही गोष्ट सगळीकडे छापून आलेली असते, पण ती झाडाला धरून नाही. जायफळाचं बी वाळलं की मरतं. फळ उकललं की बी काढून, कवच न फोडता, एक-दोन दिवसांत ओलाव्यात लावावं लागतं. तरी उगवायला दीड ते तीन महिने लागतात. बांदात जायपत्री सोलून बी मंद धुरावर दीड-दोन महिने सुकवत. आतला गर कवचात खुळखुळू लागला की मग कवच फोडत. आच ४५ अंशांच्या वर गेली तर गरातलं तेल पाघळतं आणि जायफळ ठिसूळ होतं. एवढं सुकवलेलं, कवच काढलेलं बी चुन्याशिवायही उगवत नाही. चुन्याचा खरा उपयोग किडीपासून आणि बुरशीपासून राखण्याचा.

जायपत्री
म्हणजे कंपनीच्या लोकांना एवढंही कळत नव्हतं? हेतू बी मारण्याचा होता, तुम्ही परिणामाबद्दल बोलता आहात. शब्द फिरवू नका.

रोपवाटिका
शब्द फिरवत नाही, झाड कसं वागतं ते सांगतो आहे. मक्तेदारीला धोका बाजारातल्या जायफळाचा नव्हता, ताज्या बियांचा आणि रोपांचा होता. मोठी रानकबुतरं जायपत्रीच्या मोहाने अख्खं बी गिळतात आणि दुसऱ्या बेटावर टाकतात. त्यांना कोण चुना लावणार? पियर पुआव्र या फ्रेंच माणसाने १७७० मध्ये मॉरिशसला रोपं पोचवली, तीही चोरून आणवलेली. बियांपासून केलेली निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून तर मक्तेदारी इतकी टिकली. कोकणात नारळी-पोफळीत जायफळ लावणारे आज मादीची कलमं लावतात, ती याच कारणाने.

वखारवाला
बांदावर सगळे बोलतात, वेंगुर्ल्याचं नाव कुणी घेत नाही. १६३७ च्या सुमारास आदिलशाही मुलखात डचांनी वखार घातली. १६३६ पासून १६४४ पर्यंत पाऊस सरला की डच जहाजं येऊन पोर्तुगीजांच्या गोव्यात मांडवी नदीचं तोंड अडवत, पुढच्या पावसाआधी निघून जात. त्यांचं पाणी, शिधा, सरपण वेंगुर्ल्यातून. गोवा असा बांधून ठेवला म्हणून १६४१ मध्ये पोर्तुगीजांचं मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) डचांच्या हाती पडलं. पोर्तुगीज साम्राज्य कसं खिळखिळं झालं ते या वखारीवरून कळतं आणि तिच्या भिंतींवर झाडं उगवली आहेत. मॅनहॅटनवर भांडता, हिच्यावर चार ओळी तरी लिहा.

काळी मिरी
वखारीचं दुःख खरं, पण विषय ब्रेडाचा आहे. मला एवढंच पटलं की ‘सौदा’ हा शब्द चुकीचा. ‘चूक’ हा शब्द मागे घेत नाही.

जायपत्री
चुना बी मारण्यासाठी लागत नव्हता, हे मान्य करते. पण १७९६ मध्ये आणि पुन्हा १८१० मध्ये इंग्रजांनी बांदा घेतलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय हलवलं? झाडं. आजच्या मलेशियातल्या पिनांगला जायफळाच्या बागा त्यातूनच उभ्या राहिल्या. म्हणजे डचांना भीती कशाची होती, ते मी बरोबरच सांगत होते.