गिटारला लॅकर मारून आठवडा झाला, तरी बोटाचे ठसे उमटतात

जळगावकर_सहा_तारा: हाताने बनवलेल्या अकूस्टिकला एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे कोट मारले, वरून कडक वाटतं पण जरा जोरात धरलं की ठसा उमटतो, कपड्यावर ठेवली तर कपड्याची वीणसुद्धा छापली जाते. आपल्याकडे ऊन तर ४४-४५ चं पडतंय, गच्चीवर ठेवू का दोन तास?

भुसावळचा_सुतार: अरे भाऊ गच्चीवर नको! एवढ्या तापात ब्रिजचा (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीचा) फेविकॉल ढिला पडेल आणि लाकूड तडकेल ते वेगळंच. एनसी फक्त थिनर उडून सुकतं, आणि प्रत्येक नवा कोट खालचा कोट परत विरघळवतो म्हणून थिनर आत अडकून बसतो. सावलीत, हवा खेळती ठेवून टांगून ठेव, तीन-चार आठवडे तरी. नाक जवळ नेऊन बघ, थिनरचा वास येतोय तोवर बफिंगचं (घासून चमक आणायचं) नावही काढू नको, नाहीतर नंतर लॅकर आक्रसतो आणि लाकडाच्या रेषा वर दिसतात.

धुळे_वर्कशॉप: सहमत. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन) असतं तर हार्डनरमुळे लवकर पक्कं झालं असतं, पण ते नंतर रिपेअरला लई डोकं खातं. आणि पावसाळ्यात एनसी मारू नका, दमट हवेत पांढुरका धुरकटपणा येतो.

जळगावकर_सहा_तारा: वास येतोय अजून, चांगलाच 😅 टांगतो मग. चपडा लाखेचं पॉलिश करायला हवं होतं का?

भुसावळचा_सुतार: चालतं की, फक्त स्पिरिटमध्ये ताजं भिजव, बाटलीत जुनं झालेलं कडक होतच नाही.