रोपं उगवतात आणि दहाव्या दिवशी आडवी होतात (ठाणे, पश्चिमेची बाल्कनी)

घोडबंदरवाली

नमस्कार. मानपाड्याला अकराव्या मजल्यावर राहते. बाल्कनी पश्चिमेला, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आणि तिला बाहेर काढलेली ग्रिल. आजवर नर्सरीतून तयार कुंड्या आणायचे, बियांपासून रोपं यंदा पहिल्यांदाच करतेय.

महाशिवरात्रीच्या आसपास दोन ट्रे भरले, ५०-५० कप्प्यांचे. एकात टोमॅटो आणि मिरची, दुसऱ्यात झेंडू आणि झिनिया. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट भिजवली आणि तेच नुसतं भरलं. रोपं घरात दिव्याखाली वाढवायची असं व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून हॉलमध्ये टीपॉयवर ट्यूबलाइटखाली ठेवले, वरून प्लास्टिक झाकलं. पाणी सकाळ-संध्याकाळ.

झिनिया चौथ्या दिवशी वर आली, टोमॅटो सहाव्या. घरात सगळ्यांना बोलावून दाखवली. पण आठव्या दिवसापर्यंत ती दोऱ्यासारखी लांब झाली, खिडकीकडे मान वळवून. परवा सकाळी बघते तर टोमॅटोची ११ रोपं आडवी. देठ बुडाशी तपकिरी, चिमटीत धरून पिळल्यासारखा. आज झिनियाचीही तीच गत. मिरचीला अकरा दिवस झाले, एकही उगवलेली नाही.

पण माझा जीव या ट्रेंमध्ये अडकलेला नाही. मागच्या दिवाळीनंतर आई गेली. देवरुखकडच्या घरी तिच्या फडताळात राखेत घोळवलेली तवशाच्या (कोकणातली पावसाळी काकडी) बियांची पुरचुंडी सापडली. १४ बिया आहेत. दर पावसाळ्यात परसातल्या मांडवावर ती तवशी चढवायची. घराला आता कुलूप आहे, तिथे पुन्हा कोणी मांडव घालणार नाही. आधी दुसऱ्या बियांवर हात बसवावा, मग त्या लावाव्यात असं ठरवलं होतं. आता पुरचुंडी सोडायचीसुद्धा भीती वाटते.

माझं काय चुकतंय? तवशाच्या बिया आत्ता लावू का? आणि पाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू मिळेल का?

---

नेरूळचे_काका

ताई, आधी महत्त्वाचं. त्या १४ बिया आत्ता लावू नका. पुरचुंडी आहे तशी कोरड्या जागी राहू द्या, तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी, नोकरी सगळी कोकणात झाली. निवृत्तीनंतर नेरूळला आलो, आता सोसायटीच्या गच्चीवर लावतो. तुम्ही वर्णन केलंत ते इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चालेल. याला रोपांची मर म्हणतात, कोणी कोलमड म्हणतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी मातीत, जुन्या ट्रेत, पाण्यात असतातच. सतत ओल, कोंडलेली हवा आणि कमी उजेड या तीन गोष्टी जुळल्या की त्या रोपाचा गळाच धरतात. तुमच्या हॉलमध्ये तिन्ही जुळल्या होत्या. आडवं झालेलं रोप परत उभं राहत नाही, औषधाच्या मागे लागू नका. मेलेली रोपं बुडाच्या कोकोपीटसकट चमच्याने काढा. प्लास्टिक कायमचं काढा. उरलेला ट्रे आजच स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये ठेवा. सकाळचं ऊन दोन-तीन तास मिळालं तरी फरक दिसेल. आठवडाभर सावलीत राहिलेल्या रोपांना पहिले दोन दिवस मात्र जुन्या ओढणीच्या आडोशाची सावली द्या.

छताच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्या डोळ्यांना पुरतो, रोपाला पुरत नाही. उजेड शोधत ते उंच होतं, त्या नादात देठ पातळ राहतो आणि पातळ देठात बुरशी पटकन शिरते. म्हणजे लांबट होणं आणि आडवं होणं ही तुमची एकच तक्रार आहे.

पाणी वरून घालू नका. परातीत बोटाच्या पेराएवढं पाणी घ्या, ट्रे त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग उचलून निथळा. पाणी सकाळीच द्यायचं, संध्याकाळी अजिबात नाही. पुन्हा कधी द्यायचं ते बोट सांगेल. वरचा थर कोरडा लागला की द्या, घड्याळ बघून देऊ नका.

कोकोपीटमध्ये रोपाचं पोट भरेल असं काहीच नसतं आणि बऱ्याच विटांमध्ये मीठ असतं. पुढच्या वेळी दोन-तीन पाण्यांनी धुवा, मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब पडतील इतकं पिळा आणि तीन वाट्यांना एक वाटी चाळलेलं गांडूळ खत मिसळा. त्या खतात ट्रायकोडर्माची भुकटी पाकिटावरच्या प्रमाणात कालवून, जरा ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवली तर फारच चांगलं. ही उपकारक बुरशी, मर आणणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही. ट्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा.

मिरची उकरू नका. तिला आठ-दहा दिवस लागतातच, कधी पंधरवडा. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल असावं, त्याहून खाली गेलं असेल तर आणखी उशीर.

आता मूळ घोटाळा. ते व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले असतात. तिथे बाहेर जमीन गोठलेली, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात दिव्याखाली रोपं करायची आणि शेवटचं हिमदव सरलं की बाहेर न्यायची. तिथे वसंत म्हणजे ऊब येण्याची वाट बघणं. आपल्याकडे शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते आणि पुढे उन्हाशीच शर्यत असते. तुमचा टोमॅटो मार्चच्या मध्याला कुंडीत जाईल, एप्रिलमध्ये फुलेल. दिवसा ३५ अंशांवर आणि रात्री २४-२५ च्या वर पारा राहिला की टोमॅटोचे पराग निकामी होतात, फुलं गळतात. झाड हिरवंगार दिसेल, फळ नाही. ठाण्यात टोमॅटोचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकायचं. पिटुनिया, पॅन्सी, डायँथस हीसुद्धा त्याच वेळची फुलं.

आत्ता लावा भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, दोडका, कारलं, काकडी. मिरची आणि वांगं ऊन सोसतात, त्यांची रोपं करा. भेंडी आणि वेलवर्गीय मात्र थेट कुंडीत, मुळं हलवलेली त्यांना आवडत नाही. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगापुढे टिकाव धरावा म्हणूनच ती वाणं काढली होती. कारल्यात आमच्या दापोलीचं कोकण तारा आहे. कारल्याचं बी कठीण, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा.

पाडव्याला झेंडू मिळणार नाही, ताई. बी टाकल्यापासून फुलापर्यंत दोन महिने धरा. दसऱ्याला हवा असेल तर जुलैच्या मध्याला बी टाका.

तवशाचं आज रात्री लिहितो, ते घाईत लिहायचं नाही.

---

ऐरोलीची_गच्ची

काकांनी सगळं सांगितलंय, फक्त कबुतरांचं राहिलं. ग्रिलमध्ये ट्रे ठेवलात की दुसऱ्या दिवशी कबुतर त्यात बसणार. माझी भेंडीची १८ कोवळी रोपं एका दुपारी मुंडकी खुडून टाकली होती. रोपाला चार खरी पानं (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) येईपर्यंत ट्रेवर भाजीची जाळीदार टोपली पालथी घाला, वर दगड. हवा खेळते, उजेडही जातो.

फुलांबद्दल निराश होऊ नका. झिनिया परत टाका, आपल्या उन्हाला तिच्यासारखं फूल नाही. केशरी कॉसमॉस, बटण फूल, सूर्यफूल हीसुद्धा येतात. पश्चिमेच्या बाल्कनीत ऑफिस टाइम लावाच. त्याला बी कशाला, शेजाऱ्यांकडून चार बोटं लांब काड्या आणा आणि खोचा. दुपारच्या उन्हात ती बाल्कनी भरून जाते, संध्याकाळी घरी आल्यावर फुलं मिटलेली दिसतात एवढंच.

घोडबंदरला कामांची धूळ खूप आहे. आठवड्यातून एकदा पानं सकाळी पाण्याने धुवा, नाहीतर वर मऊ राखाडी थर बसतो आणि त्याखाली लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) माजतो.

आईबद्दल वाचून गलबललं. बिया जपा.

---

खारघर_टेकडी

टोमॅटोबाबत काकांशी थोडा असहमत. मोठा टोमॅटो नाही येत हे खरं, पण चेरी टोमॅटो मी दोन वर्षं फेब्रुवारीत लावून मेमध्ये खाल्लाय. पूर्वेची बाल्कनी, दुपारी हिरवी नेट. भरभरून नाही, दिवसाआड वाटीभर. वाचलेली रोपं असतील तर ताई, फेकू नका.

आणखी एक. मार्चपासून नाक्यावर रसवंत्या सुरू होतात. संध्याकाळी चिपाडाचा ढीग पडलेला असतो, मागितलं तर देतात. दोन दिवस कडक वाळवून (ओलं ठेवलंत तर मुंग्या आणि चिलटं) तुकडे करा आणि कुंडीत मातीवर तीन बोटं थर द्या. माझ्या कुंड्यांना मेमध्ये रोज दोनदा पाणी लागायचं, आता एकदा पुरतं. रोपाच्या देठाला मात्र चिकटवू नका.

---

नेरूळचे_काका

खारघरकर, चेरीचं मान्य. लहान फळाचे वाण उष्णतेत जास्त धरतात आणि दुपारच्या सावलीने तुम्ही त्यांना दोन-तीन अंश वाचवलेत. चिपाडाचं उत्तम. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून घरोघरी हेच रुजवलं, आपल्याच परिसरातला काडीकचरा मातीत जिरवायचा. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरची शेती केली ती उसाच्या चिपाडावरच.

आता तवसं. ताई, ते पावसाळी पीक आहे. तुमच्या आई मृगात, सात-आठ जूनच्या सुमारास, पहिला पाऊस जिरल्यावर बी टोचत असणार. आत्ता लावलंत तर उगवेल, वेलही धावेल, पण ऐन मेमध्ये पश्चिमेच्या तापल्या कठड्यावर तो होरपळेल आणि १४ बिया हातच्या जातील.

राख कोरडी असते आणि किडीला येऊ देत नाही, म्हणून त्या टिकल्या. आता राखेसकट त्या लहान काचेच्या बाटलीत घाला. तळाशी तव्यावर कोरडे भाजून पूर्ण थंड केलेले चमचाभर तांदूळ कापडात बांधून ठेवा, ते दमटपणा ओढतात. घट्ट बूच लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. काकडीवर्गीय बी असं चार-पाच वर्षं सहज राहतं. बाटली बाहेर काढलीत की खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.

जूनमध्ये सगळ्या लावू नका. सहा लावा, आठ राखून ठेवा. एका बादलीत एकच वेल, रंगाची वीस लिटरची बादली चालेल, बुडाला भोकं पाडा. आणि हे नीट वाचा. तवसं आणि बाजारची काकडी एकाच जातीची, त्यांचा संकर होतो. शेजारच्या बाल्कनीत कोणी संकरित काकडी लावली आणि एखादी मधमाशी दोन्हीकडे फिरली, तर यंदाचं फळ आईंच्या तवशासारखंच लागेल, पण त्यातल्या बियांतून पुढच्या वर्षी दुसरंच काही उगवेल. दोडका किंवा कारल्याचा धोका नाही. म्हणून बियांसाठीची फुलं हाताने फळवायची. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी आधीच दिसते, नराच्या मागे नुसता देठ. संध्याकाळी, उद्या उमलतील अशा दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधा. सकाळी सोडा, नराच्या पाकळ्या काढा, आतला पिवळा भाग मादीच्या मध्यावर फिरवा, मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा. नर एका वेलाचा, मादी दुसऱ्याची घ्या.

ते फळ खायचं नाही. वेलावरच तपकिरी, जाड सालीचं होऊ द्या. मग बिया गरासकट भांड्यात दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा.

---

घोडबंदरवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय.

झेंडूची ९ आणि टोमॅटोची ४ रोपं वाचली. ग्रिलमध्ये नेल्यावर चौथ्या दिवसापासून मान खिडकीकडे वळवणं बंद झालं, देठ जांभळट आणि जाड झाले. मिरची सतराव्या दिवशी उगवली, २० पैकी १३. झिनिया परत टाकली, नवी आडवी झाली नाही. टोपलीवर कबुतर रोज येऊन बसतं आणि निघून जातं. भेंडी बादलीत थेट टोचली, चौथ्या-पाचव्या दिवशी सगळी वर. पाडव्याचा झेंडू जांभळी नाक्यावरून आणणार.

काका, तुमचं वाचून संगमेश्वरच्या मावशीला फोन केला. ती म्हणाली, आई मृगातच लावायची. आणि पहिलं तवसं कधीच कापायची नाही. त्याला सुतळी बांधून ठेवायची आणि आम्हा मुलांना हात लावू द्यायची नाही. मला ती सुतळी आठवते. नवसाची असावी असं वाटायचं.

बिया बाटलीत घातल्या. राख चाळली नाही, तशीच आहे. मोजताना बाहेर १४ होत्या, पण पुरचुंडीच्या शिवणीत आणखी २ अडकलेल्या निघाल्या. एक जराशी चेपलेली आहे. ती ओल्या फडक्यात ठेवून बघू का, की जूनपर्यंत थांबू?

---

नेरूळचे_काका

चेपलेली ठेवून बघा. ओलं फडकं पिळून, डबीत, ओट्याच्या कोपऱ्यात उबेला. मोड आला तर कळेल की बाटलीत जीव आहे. नाही आला तरी त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका, ती चेपलेली आहे. दुसरी चांगली असेल तर बाटलीत टाका, म्हणजे १५.

मोड आलाच तर फेकू नका. मिरचीशेजारी, दुपारी सावली येईल अशा कुंडीत टोचा. फळ धरेल असं नाही, पण आईंच्या तवशाचं पान कसं असतं ते जूनच्या आधी बघायला मिळेल.

---

घोडबंदरवाली

पाचव्या दिवशी मोड आला. पांढरा, तांदळाएवढा.